बाळ, तुझं गाव कोणतं?

आषाढी एकादशीचा दिवस. पंढरपुरात पाऊल ठेवायला जागा नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात माणसांचा पूर आला आहे. टाळ-मृदंग वाजत आहेत. मधूनच कर्ण्यावरून आवाज येतो, "ऐका हो ऐका! एक मुलगा सापडला आहे. अंगात पिवळा शर्ट आहे. वय चारएक वर्षांचं. नाव सोन्या असं सांगतो."

गर्दीतल्या कितीतरी आया जागच्या जागी थबकतात. कारण कितीतरी जणींच्या घरी एक सोन्या आहे.

मुलगा कर्ण्याजवळच्या टेबलावर बसलेला असतो. कुणीतरी हातात बिस्किटाचा पुडा दिलेला असतो. डोळ्यांतले पाणी गालावर सुकलेले असते. स्वयंसेवक त्याला मायेने विचारतो,

"बाळ, तुझं नाव काय?"

"सोन्या."

"वडिलांचं नाव काय?"

"दादा."

"आणि आईचं?"

"आई."

"तुझं गाव कोणतं?"

"आमचं गाव."

"तुमचं घर कुठं आहे रे?"

"म्हशीच्या गोठ्यापाशी."

बघा, पोराचे एकही उत्तर खोटे नाही. आपल्या घरी आपण त्याला जे शिकवले तेच त्याने सांगितले. घरी एवढ्यावर भागते. पण घरापासून दूर गेल्यावर त्या उत्तरांतून काहीच हाती लागत नाही.

पंढरपुरात आई-बाप तिथेच कुठेतरी असतात. तेही शोधत असतात. कर्ण्यावरून दोनदा-तीनदा हाक दिली, की धापा टाकत येतात. पण हेच पोर चुकून एस.टी.त बसले तर? रेल्वेच्या डब्यात झोपी गेले तर? अशाच एका मुलाची खरी हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

भुसावळहून इटारसीकडे गाडी निघाली, की जळगाव जिल्हा ओलांडल्यावर बऱ्हाणपूर लागते. त्याच्या पुढे खंडवा. दोन्ही गावे मध्य प्रदेशात. खंडव्याला गणेश तलाई नावाची गरिबांची वस्ती आहे. तिथे शेरू नावाचा एक मुलगा राहत होता. वय पाचच्या आसपास. आई मजुरी करून मुलांना वाढवत होती. थोरला भाऊ स्टेशनावर, गाड्यांमध्ये पडेल ते काम करी आणि चार पैसे घरी आणी.

१९८६ सालची गोष्ट. शेरू थोरल्या भावाबरोबर गाडीने बऱ्हाणपूरला गेला. रात्र झाली होती. पोराला झोप अनावर झाली. भाऊ त्याला बाकावर निजवून कामाला गेला. शेरू जागा झाला तेव्हा भाऊ नव्हता. समोर एक रिकामी गाडी उभी होती. भाऊ आत असेल, असे वाटून पोर डब्यात चढले आणि पुन्हा झोपले. जाग आली तेव्हा गाडी धावत होती. दार उघडेना. ती प्रवासाची गाडी नव्हती, डब्यात दुसरे माणूस नव्हते. कितीतरी वेळाने तो उतरला तो हावडा स्टेशनावर, कलकत्त्यात. घरापासून सुमारे १५०० किलोमीटर दूर.

तिथली बोली बंगाली. त्याची हिंदी. लोकांनी विचारले, तुझं गाव कोणतं? पोर आपल्या बोबड्या तोंडाने गणेश तलाईचे 'गिनेस्टले' करी आणि बऱ्हाणपूरचे 'बेरामपूर'. असले गाव कुणी ऐकले नव्हते. नकाशात सापडेना. खंडवा हा शब्द त्याच्या तोंडून आलाच नाही. आडनाव ठाऊक नव्हते. स्वतःचे नावसुद्धा तो 'सारू' असे सांगे. पोलिसांनी त्याला मुलांच्या आश्रमात दाखल केले. घरच्यांचा पत्ता लागला नाही. शेवटी १९८७ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या एका जोडप्याने त्याला दत्तक घेतले.

इकडे आईवर आभाळ कोसळले होते. थोरला मुलगा त्याच सुमारास रेल्वेखाली सापडून गेला. धाकट्याचा ठावठिकाणा नाही. ती स्टेशनास्टेशनावर फिरली. पण वस्ती सोडून ती दुसरीकडे राहायला गेली नाही. माझा पोरगा परत आला, तर तो मला कुठे शोधील, असे तिला वाटे.

आणि तो आला! मोठा झाल्यावर त्याने संगणकावर आकाशातून काढलेली जमिनीची चित्रे पाहायला सुरुवात केली. त्याला गावाचे नाव आठवत नव्हते, पण स्टेशनाजवळची पाण्याची टाकी आठवत होती. पूल आठवत होता. ओढा आठवत होता. कितीतरी रात्री रेल्वेचे एकेक रूळ तो बोटाने धरून मागे मागे गेला. २०११ साली त्याला खूण पटली. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो गणेश तलाईत येऊन उभा राहिला. मायलेकरांची भेट झाली. मध्ये पंचवीस वर्षे गेली होती. पुढे सारू ब्रायर्ली या नावाने त्याने पुस्तक लिहिले, त्यावर २०१६ साली 'लायन' नावाचा चित्रपटही निघाला.

आमच्या वर्गात ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा एक काकू म्हणाल्या, "असली कसली आई, पोराला गावाचं नाव शिकवलं न्हाई!" आम्हाला हे बोलणे पटले नाही. दिवसभर मजुरी करणाऱ्या, नवरा सोडून गेलेल्या बाईला बोल लावणे सोपे आहे. आपल्यापैकी किती जणांच्या पोरांना आईचे खरे नाव ठाऊक आहे? आज रात्री जेवताना विचारून बघा.

विचारलेत म्हणजे शिकवणेही आलेच. मुलाला काय काय यायला हवे? त्याचे स्वतःचे पूर्ण नाव. वडिलांचे नाव. आईचे कागदावरचे नाव. गाव, तालुका आणि जिल्हा. आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर.

कुणी म्हणेल, गाव सांगितले की झाले, तालुका कशाला? अहो, आपल्या महाराष्ट्रात वडगाव किती आहेत! पिंपळगाव किती, नांदगाव किती! नुसते वडगाव म्हटले तर पोलीस कोणत्या वडगावला फोन लावील? वडगावच्या मागे तालुका आणि जिल्हा लागला, तरच ते आपले वडगाव होते.

शिकवायचे कसे? रागावून नाही. खेळ करून. संध्याकाळी चुलीपुढे बसलात की तुम्ही कंडक्टर व्हा. पोराला पाशिंजर करा. "कुठं जायचं पाव्हणं? कोणता तालुका? तिकीट कुणाच्या नावानं फाडू?" पोरे खदखदून हसतात आणि हसता हसता पाठ करतात. फोनचे दहा आकडे एकदम सांगू नयेत. दोन-दोन आकड्यांचे तुकडे करावे आणि पाढ्यासारखे चालीवर म्हणून घ्यावे. एक आजी आम्हाला म्हणाल्या, "माझ्या नातवाला गुळाचा खडा पायजे असंल तर आदी नंबर म्हणायचा." त्या आजींना स्वतःला तो नंबर येत नव्हता. नातवाला शिकवता शिकवता आला.

आणखी दोन गोष्टी पोराच्या मनावर बिंबवाव्या. पहिली, चुकलास तर जागचा हलू नकोस. पोर आईला शोधत पुढे जाते, आई पोराला शोधत मागे येते, आणि दोघांची चुकामूक होते. एकाने तरी थांबावे. फार भीती वाटली तर खाकी कपड्यातल्या पोलिसाला, एस.टी.च्या कंडक्टरला, दुकानात बसलेल्या दुकानदाराला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला सांगावे. दुसरी गोष्ट, घरचा एक खूणशब्द ठरवावा. "तुझी आई पडली, तुला बोलावलंय, चल माझ्या गाडीवर," असे कुणी म्हणाले, की मुलाने विचारावे, "खूण सांग." खूण येत नसेल तर ओळखीचा माणूस असला तरी जायचे नाही. आम्ही मुद्दाम म्हणतो, ओळखीचा असला तरी. पोरांना फसवणारा माणूस नेहमी परकाच असतो असे नाही. पुष्कळदा तो उंबऱ्याच्या आत चहा पिऊन गेलेला असतो. म्हणून पोराने एखाद्या माणसाजवळ जायला नकार दिला, तर त्याला दटावू नये. का जायचे नाही, ते हळूच विचारावे.

जत्रेला किंवा मोठ्या बाजाराला जाताना सकाळीच मुलाचा मोबाइलवर एक फोटो काढावा. म्हणजे त्या दिवशी अंगावर कोणते कपडे होते, ते आठवत बसावे लागत नाही. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही, हे आम्ही पाहिले आहे. लहान मुलाच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी घालावी किंवा दंडावर पेनाने नंबर लिहावा. शर्टावर मोठ्या अक्षरात नाव लिहू नये. नाव वाचून कुणीही परका त्याला नावाने हाक मारील, आणि पोराला वाटेल हा आपलाच. पोचल्याबरोबर एक ठिकाण ठरवावे. "हा पार बघ. चुकलो तर सगळ्यांनी इथं यायचं."

आता कागदाचे काम. वाचकहो, तुम्ही लिहायला शिकलात. सही करता येते, पत्र लिहिता येते. मग हे एक पान आजच लिहून ठेवा. एका मुलाला एक पान. समजा, मुलाचे नाव गणेश आहे. पान असे होईल:

"मुलाचे पूर्ण नाव. घरी गणू म्हणतात. जन्मतारीख. उंची तीन फूट सात इंच, दिवाळीला मोजली. रंग सावळा. डाव्या भुवईवर पडल्याचा व्रण आहे. पाठीवर उजवीकडे मोठा तीळ आहे. समोरचा एक दात पडला आहे. र नीट म्हणता येत नाही. कुत्र्याला भितो. आत्याच्या गावी जायचे वेड आहे, आत्याचे गाव अमुक, तालुका अमुक. जोडीदार दोन, त्यांच्या घरच्यांचे नंबर असे. आधार कार्डाचा नंबर असा."

व्रण, तीळ, दात ही माहिती आईला तोंडपाठ असते. मग लिहायची कशाला? कारण पोर हरवल्यावर आईच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि कधीकधी आई ऊस तोडायला दूर गेलेली असते, पोर आजीकडे असते. तेव्हा हे पान बोलते. पानाला मुलाचा अलीकडचा फोटो लावावा. लहान मुलाचा चेहरा सहा महिन्यांत बदलतो. जावळातला फोटो पाच वर्षांच्या पोराला लावून काय उपयोग?

आधार कार्डाचे आणखी एक सांगायचे आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत. पाच वर्षे झाली की एकदा आणि पंधरा वर्षे झाली की पुन्हा एकदा ठसे द्यावे लागतात. बोलू न शकणारी, नाव सांगता न येणारी मुले या ठशांवरून घरी पोचल्याची उदाहरणे देशात झाली आहेत. मूल मुके किंवा मतिमंद असेल, तर हे काम अजिबात मागे टाकू नये.

एवढे करूनही मूल दिसेनासे झाले तर?

घर आधी पाहावे. कणगी, माळा, खाटेखाली, गोठा, बंद पडलेली मोटार. पोर लपून बसते आणि तिथेच झोपते. पण त्याच वेळी दोन माणसे पाण्याकडे धावली पाहिजेत. विहीर, शेततळे, पाट, ओढ्याचा डोह. लहान मुलाच्या बाबतीत पाणी सगळ्यांत आधी, मग रस्ता, मग बाजार. पाण्यात गेलेले पोर थांबत नाही, मिनिटांचा खेळ असतो. शिवारात उघडी टाकून दिलेली बोअर असेल तर तीही पाहावी. खरे म्हणजे ती उघडी असूच नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बोअरची तोंडे बुजवण्याबद्दल स्पष्ट सूचना दिल्या आहेत. ज्याची बोअर, त्याने आजच झाकण बसवावे.

शोध चालू असतानाच पोलिसांना फोन करावा. शोधून झाल्यावर नव्हे. फोन ११२. मुलांसाठी वेगळा नंबर आहे १०९८. तो पाठ करायला सोपा आहे. दहा, नऊ, आठ. उलटे म्हणत यायचे. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. रात्री-अपरात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत. मूल रेल्वेत गेले असा संशय असेल तर १३९ लावावा. गाडी पुढच्या स्टेशनावर पोचायच्या आत निरोप पोचू शकतो.

गावोगाव एक समज पसरला आहे. चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत म्हणे! हा समज कुणी पसरवला कोण जाणे. पण त्याने फार नुकसान केले आहे. असा कायदा नाही. उलट १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि ते पळवले गेले असावे असे धरून तपास केला पाहिजे. मूल म्हणजे अठरा वर्षे पुरी न झालेला मुलगा किंवा मुलगी. 'आमच्या हद्दीत येत नाही' असेही सांगता येत नाही. कोणत्याही ठाण्यात पहिली खबर लिहून घ्यावी लागते, मग ती योग्य ठाण्याकडे जाते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हे स्पष्ट लिहिले आहे. त्या खबरीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या. आणि घरी नेऊन मग वाचू नका, तिथेच वाचा. मुलाचे वय, कपडे, खुणा, वेळ बरोबर लिहिली आहे ना? तुम्हाला आता वाचता येते. चूक असेल तर नम्रपणे सांगा, "साहेब, शर्ट निळा नव्हे, हिरवा होता." ठाण्यात तक्रार घेतलीच नाही, तर सगळा मजकूर लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो.

आता आम्ही जे लिहिणार आहोत, ते लिहिताना हात थोडा जड होतो. पण लिहिले पाहिजे.

मुलगा हरवला तर बाप धावत ठाण्यात जातो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गेली तर घराचे दार लागते. "बोभाटा नको. सोयऱ्यांत कळलं तर धाकटीचं लग्न जमायचं न्हाई. चार दिवस वाट बघू." शेजारणीने विचारले तर सांगायचे, मामाकडे गेली. आई माजघरात तोंडात पदर कोंबून रडते. असे आठ दिवस जातात. या आठ दिवसांत काय होते? मुलीचा फोन बंद होतो. गाडी दुसऱ्या राज्यात जाते. नोकरीचे, लग्नाचे, सिनेमाचे आमिष दाखवून नेणारा माणूस याच आठ दिवसांच्या भरवशावर असतो. त्याला ठाऊक असते, की बाप अब्रूला भिऊन गप्प बसणार.

"ती आपल्या मर्जीनं गेली, आता आमची कुणी न्हाई ती," असेही म्हणणारे बाप आहेत. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीची मर्जी कायदा धरत नाही. तिला फूस लावून नेणे हा गुन्हाच आहे. आणि नावाची भीती असेल तर ऐका. मुलांवरील अत्याचाराच्या २०१२ च्या कायद्याने अशा मुलीचे नाव, फोटो, गाव, शाळा छापायला मनाई आहे. तिचा जबाब बाई अधिकाऱ्यापुढे होतो, आणि वर्दी न घालता. अब्रू पुढेही सांभाळता येईल. मुलगी मात्र पहिल्या दिवशीच शोधली पाहिजे.

मुलगेही पळून जातात. मार्कलिस्ट आली, बापाने पट्ट्याने मारले, पोर रात्री स्टेशन गाठते आणि सकाळी मुंबईला कल्याण-दादरला उतरते. तिथे रेल्वे पोलीस अशा पोरांवर नजर ठेवतात आणि पुष्कळ पोरे परतही येतात. परत आलेल्या पोराला पहिल्या दिवशी काही विचारू नये. अंघोळीला पाणी द्यावे, जेवू घालावे. मारून घरात घेतलेला पोरगा दुसऱ्यांदा जाताना निरोपाची चिठ्ठीही ठेवत नाही.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी वीटभट्टीवर जाते. कुणाच्या दारी एखादा माणूस येतो. "पोरीला मुंबईत चांगल्या घरी कामाला लावतो, शाळापण शिकवतील." चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणे २०१६ च्या कायद्याने बंद आहे. मोठ्या मुलाला पाठवायचेच असेल, तर त्या माणसाचे पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, नंबर आणि फोटो आधी घ्यावा. चांगला माणूस द्यायला कचरणार नाही. टोळीबरोबर मुले न्यावीच लागली, तर मुकादमाचे नाव आणि कारखान्याचा पत्ता त्यांच्या पानावर लिहून एक नक्कल गावी अंगणवाडीताईकडे ठेवावी. कोपीवरच्या पोरांना गावाचे नाव विचारले तर ती कारखान्याचे नाव सांगतात. त्यांनाही मूळ गाव पाठ हवे.

मुलांची काळजी करताना दुसऱ्या टोकाला मात्र जाऊ नये. १ जुलै २०१८ चा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी तिथे आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. पिढ्यान् पिढ्या फिरून पोट भरणारी ही माणसे. त्या दिवसांत मोबाइलवर एकच अफवा फिरत होती, पोरे पळवणारी टोळी आली आहे. कुणीतरी बोट दाखवले. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले. पाचही जण मेले. त्यांनी एकही पोर पळवले नव्हते. त्यांच्याही घरी पोरे होती.

म्हणून मोबाइलवर असा मजकूर आला तर पुढे धाडू नका. कुणाचा संशय आला तर ११२ लावा, माणसाला हात लावू नका. हरवलेल्या खऱ्या मुलाचा फोटो पाठवायचा असेल तर त्याखाली तारीख आणि पोलीस ठाण्याचे नाव लिहा. मूल सापडल्यावर 'सापडले' असेही सगळ्यांना कळवा. चार वर्षांपूर्वी घरी परतलेल्या पोरांचे फोटो अजून फिरत असतात.

आणि आपल्यालाच एखादे चुकलेले मूल भेटले तर? पोर रडते म्हणून घरी नेऊन जेवू घालावे, आठ दिवस ठेवून घ्यावे, कुणी नाही आले तर आपलेच समजावे, असे मन होते. माया चांगली आहे. पण त्या आठ दिवसांत त्याची आई दुसऱ्या तालुक्यात छाती पिटत असते. पोर सापडले की तिथूनच १०९८ किंवा ११२ लावावा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असे मूल चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. न कळवता ठेवून घेणे हा गुन्हा आहे. गावातही सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका अशांची ग्राम बाल संरक्षण समिती असते. आपल्या गावची समिती कधी बसली होती, ते येत्या ग्रामसभेत उठून विचारायला हरकत नाही.

आमच्या वर्गात गेल्या महिन्यात सगळ्या बायकांनी आपापल्या मुलांची पाने लिहिली. तिघीचौघींना उंची लिहिता येईना. मोजलीच नव्हती. मग एकीने घरून टेप आणली. पोरे भिंतीला पाठ लावून रांगेत उभी राहिली. टाचा वर करून उंच व्हायला बघत होती, त्यांचे पाय धरावे लागले. ज्या आजींचा नातू गुळासाठी नंबर म्हणतो, त्यांनी घरी जाऊन दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि तिच्यापुढे वाकड्यातिकड्या अक्षरांत तारीख घातली. पान त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे. पुढची रेघ आखाडीला ओढणार आहेत.